भोईर मॅडमच्या तीन वह्या

भोईर मॅडमनी मला पहिल्या दिवशी पाणी मोजायला बसवलं.

एमएस्सी होऊन, दोन ठिकाणी नकार घेऊन मी डोंबिवली एमआयडीसीतल्या त्या टेस्टिंग लॅबमध्ये लागले होते. मला वाटलं होतं, मोठ्या मशीनवर काम मिळेल. मॅडमनी एक पिपेट हातात दिली, तराजूवर छोटा बीकर ठेवला आणि म्हणाल्या, "एक मिलिलिटर पाणी घे, बीकरमध्ये सोड, वजन लिही. वीस वेळा."

वीस वेळा केलं. वीस आकडे वीस तऱ्हेचे आले. मॅडम चष्म्यातून कागद बघत राहिल्या.

"पाणी तेच, पिपेट तीच, तराजू तोच. मग आकडे वेगळे का?"

"माहीत नाही, मॅडम."

"हात अजून तुझा झालेला नाही. उद्या पुन्हा कर."

असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी आकडे एकमेकांना चिकटून आले. मला वाटलं, आता शाबासकी मिळेल. त्यांनी कागद बघितला, फाइलला लावला आणि माझ्यापुढे कसल्याशा पाल्याची पावडर ठेवली. "ही भिजत घाल."

त्यांची शाबासकी ती एवढीच. पुढे सात वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली, त्यात शाबासकीचा शब्द दोन-तीनदाच ऐकला असेन. "पुन्हा कर" मात्र रोज.

लॅबमध्ये मसाले, तेलं, पाणी असं सगळं तपासायला यायचं. मॅडमकडे वनस्पतींचा विभाग होता. विभाग म्हणजे एक ओटा, रंगाचा गडदपणा मोजणारं एक यूव्ही मशीन, एक ओव्हन आणि आम्ही दोघी. काढे, चूर्णं, हर्बल चहा, फेसपॅक बनवणारे लोक आपला माल घेऊन यायचे. त्यांना डब्यावर 'अँटिऑक्सिडंटने भरपूर' असं छापायचं असायचं आणि त्यासाठी आमचा कागद लागायचा.

काम तसं सोपं. पाला वाळवायचा, दळायचा, मिथेनॉलमध्ये भिजवून अर्क काढायचा. मग एक गडद जांभळं द्रावण असतं, त्यात हा अर्क थेंबाथेंबाने घालायचा आणि नळ्या अर्धा तास अंधारात ठेवायच्या. अर्कात दम असेल तर जांभळा रंग उतरत जातो, पिवळट होतो. निम्मा रंग उतरवायला किती अर्क लागला, तो आकडा. थोड्या अर्कात काम झालं तर वनस्पती जोरदार. जास्त लागला तर मिळमिळीत. म्हणजे आकडा जितका लहान तितका चांगला.

हे 'लहान म्हणजे चांगला' कोणाला पटायचं नाही. एकदा एक आवळा सरबतवाले आले. उल्हासनगरला त्यांचा कारखाना होता. रिपोर्ट हातात धरून तावातावाने मॅडमच्या टेबलाशी उभे राहिले.

"मॅडम, त्या दुसऱ्या कंपनीचा आकडा ऐंशी आणि माझा बावीस? मी काय पाणी विकतो काय?"

"बसा," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या शर्टावर डाग पडला. एका पावडरने तो चमचाभरात निघाला, दुसरीची वाटीभर लागली. कुठली चांगली?"

"चमचावाली."

"तुमची चमचावाली आहे."

ते खुर्चीवर टेकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "ते बरोबर हो, पण गिऱ्हाइकाला कसं कळणार? तुम्ही ऐंशी लिहा ना. किंवा शंभर."

मॅडम हसल्या नाहीत. आम्ही बाकीचे तोंड फिरवून हसत होतो. त्या म्हणाल्या, "जे आलं ते. दुसरं लिहायला माझ्याकडे काही नाही." आणि पुढचा नमुना उघडला.

'जे आलं ते' हे त्यांचं नेहमीचं. रिपोर्टबद्दल म्हणायच्या आणि इतरही बऱ्याच गोष्टींबद्दल. टिटवाळ्याहून कल्याण, कल्याणहून डोंबिवली, स्टेशनवरून शेअर रिक्षा, हे त्यांचं बावीस वर्षं चालू होतं. घरी भाकऱ्या थापून निघायच्या. पन्नाशी उलटलेली, गुडघे दुखायचे, ॲप्रनखाली साडीच्या निऱ्या पिनांनी घट्ट बांधलेल्या. मी कधी विचारलं, "दमलात का मॅडम?" की म्हणायच्या, "दमलेय. त्यात नवीन काय?" आणि काम पुढे चालू. त्यात तक्रार नसायची. आज पाऊस आहे म्हणावं, तसं.

नळ्या अंधारात ठेवल्या की अर्धा तास मोकळा मिळायचा. आम्ही पोरी मोबाइल काढायचो. मॅडम ॲप्रन काढून, हात धुऊन बाहेरच्या जिन्यावर जायच्या आणि पिशवीतून आणलेले मोड आलेले वाल सोलत बसायच्या. लॅबमध्ये खाण्याची वस्तू आणलेली त्यांना चालायची नाही, म्हणून जिना. मीही मग त्यांच्याशेजारी बसून वाल सोलायला लागले. तिथे त्या बोलायच्या. त्यांचं माहेर टिटवाळ्याच्या पलीकडचं, आगरी घर. बीएस्सी कल्याणला झालं, मग लग्न, मग दोन मुलं, आणि चाळिशीत बाहेरून एमएस्सी. "मुलगा दहावीला आणि मी एमएस्सीला," त्या सांगायच्या. "दोघांचे पेपर एकाच महिन्यात. तो पास झाला, मी पण झाले. कोणी पेढे वाटले नाहीत. एका घरात दोनदा कशाला?"

चुकीच्या आकड्याचा नियम त्यांनी मला त्या जिन्यावरच सांगितला. मी सकाळी वहीत चुकलेल्या आकड्यावर व्हाइटनर लावलं होतं. त्यांनी नखाने ते खरवडून काढलं होतं.

"चुकलं की एकच आडवी रेघ मारायची. खालचं वाचता आलं पाहिजे. बाजूला सही, तारीख आणि कारण. लपवायचं नाही. चूक पण आकडाच आहे, तिला पण जागा द्यायची."

मॅडमच्या मिस्टरांना आम्ही भोईर काका म्हणायचो. ते एसटीत ड्रायव्हर होते, खोपट डेपोला. उंच, हडकुळे, कमी बोलणारे. ते कधीमधी लॅबच्या गेटवर यायचे, हातात ओल्या पेपरात गुंडाळलेला पाला घेऊन. हा पाला गिऱ्हाइकांचा नव्हता, मॅडमचा स्वतःचा होता.

झालं असं होतं, की ठाण्याच्या एका कॉलेजातले कर्णिक सर आमच्या लॅबमध्ये कधी नमुने पाठवायचे. मॅडमच्या कामाचा नीटनेटकेपणा बघून ते म्हणाले, "तुम्ही पीएचडी का करत नाही? माझ्याकडे नाव घाला." मॅडमनी आधी हसण्यावारी नेलं. मग एका पावसाळ्यात त्यांनी खरंच नाव घातलं. विषय त्यांनी स्वतः निवडला: आपल्याकडच्या रानभाज्या. टाकळा, कुलू, कोरळ, भारंगी, शेवळं अशा अठरा. लहानपणापासून आई-आजीने रांधून घातलेल्या. "बाजारातल्या परदेशी पाल्याचा डबा पाचशेला घेतात," त्या म्हणायच्या, "आणि आपलं टाकळं गाढवं खातात म्हणतात. एकदा मोजून तर बघू."

साहेबांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, शनिवारी दुपारनंतर मशीन वापरायला परवानगी दिली. पाला आणायचं काम काकांचं. मुरबाड, शहापूर, जव्हार, त्यांच्या गाडीच्या वाटा सगळ्या रानातूनच जायच्या. शेवटच्या स्टॉपला गाडी लावली की ते उतरून बांधाबांधाने फिरायचे. पुढे निवृत्त झाले तरी एसटीचा पास होता, त्यावर जायचे. मॅडमनी त्यांना एक वही दिली होती. पाला कुठून तोडला, कुठल्या दिवशी, उन्हातला की सावलीतला, हे ते ठळक अक्षरात लिहायचे.

"घे गो, भारंगी हाय," गेटवर ते म्हणायचे. "मुरबाडच्या पुढं मिलाली. कवली हाय, सांभालून ठेव."

"पेपर बदललात का मध्ये?"

"दोनदा बदलला."

बस, एवढंच. मॅडम पाला नाकाशी नेऊन वास घ्यायच्या आणि आत यायच्या. काका रस्त्यापलीकडे टपरीवर चहा प्यायचे आणि परत जायचे.

तिसऱ्या पावसाळ्यात काकांच्या किडन्या गेल्या. कल्याणला एक दिवसाआड डायलिसिस सुरू झालं. मॅडम हॉस्पिटल करून लॅबला यायच्या, लॅब करून हॉस्पिटलला जायच्या. मला वाटलं, या वर्षी पाला यायचा नाही. पण डायलिसिस नसलेल्या दिवशी काका पास घेऊन निघायचे. गेटवर मी त्यांना बघितलं तेव्हा ते खांबाला धरून उभे होते, पायांना सूज, चपलेत पाय मावत नव्हते. मी पाला हातात घेतला. "बसा ना काका आत."

"नाय गो. पेपर दोनदा बदललाय, सांग तिला."

पौषात ते गेले. मॅडम तेराव्यानंतर कामावर आल्या. त्या शनिवारी त्या मशीनशी बसल्या आणि शेवटच्या नमुन्यांचे आकडे घेतले. तिसरी वही पूर्ण झाली. प्रबंध मे महिन्यात द्यायचा ठरला होता. कर्णिक सरांनी प्रस्तावना वाचून काढली होती, बाइंडिंगवाल्याशीही बोलणं झालं होतं.

आता मला माझं सांगायला हवं. त्याच्याशिवाय पुढचं सांगता येणार नाही.

लॅबमधल्या प्रत्येक यंत्राची दर वर्षी तपासणी करावी लागते. बाहेरचा माणूस येतो, आपलं प्रमाणित थर्मामीटर लावून बघतो, यंत्र खरं बोलतंय की नाही ते सांगतो आणि स्टिकर लावून जातो. एका वर्षी साहेबांनी त्याला बोलावलंच नाही. पुढच्या महिन्यात बघू, पुढच्या महिन्यात बघू, असं चाललं होतं. आणि अचानक ऑडिट आलं. साहेब घाईघाईने माझ्याकडे आले. "मनीषा, ओव्हनला नवं स्टिकर लाव. तो माणूस आठवड्याभरात येतोच आहे." मी स्टिकर लिहिलं, तारीख टाकली, लावलं. मॅडम त्या दिवशी रजेवर होत्या. ऑडिट पार पडलं. माणूस आठवड्याभरात आला नाही. नंतर आम्ही सगळे विसरलो. पुढच्या वर्षी जुन्या स्टिकरवर नवं लावताना मला कोणी सांगावंही लागलं नाही.

एप्रिलमध्ये तो तपासणीवाला शेवटी आला. त्याने ओव्हनमध्ये आपली तार सोडली, अर्धा तास थांबला आणि भुवया उंचावून म्हणाला, "मॅडम, तुमचा ओव्हन चाळीस दाखवतोय. आत त्रेसष्ट आहे."

मॅडम उठून आल्या. "पुन्हा कर."

त्याने पुन्हा केलं. त्रेसष्टच. मग मागचा पत्रा उघडला. तापमान मोजणारा सेन्सर जागेवरून सरकून पार बाहेरच्या फटीशी गेला होता. तिथे बाहेरची हवा लागायची, म्हणून तो कमी दाखवायचा.

"कधीपासून?" मॅडमनी विचारलं.

"ते कसं सांगणार? शेवटचं कधी तपासलं, त्याच्यानंतर कधीतरी."

मॅडम ओव्हनच्या दारावरच्या स्टिकरकडे बघत राहिल्या. बराच वेळ. मग माझ्याकडे वळून त्या एवढंच म्हणाल्या, "अक्षर तुझं आहे."

तपासणीवाल्याने आपली बॅग भरली. त्याची खरी नोंद शोधली तर तीन वर्षांपूर्वीची निघाली. मॅडमचा पहिला पावसाळा त्याच्यानंतरचा.

पाला चाळीस अंशावर वाळवायचा असतो. त्याहून तापवला की त्यातलं जे मोजायचं तेच जळायला लागतं. मॅडमच्या वह्यांत प्रत्येक पानाच्या वर लिहिलेलं होतं: 'चाळीस अंशावर वाळवले.' तीन पावसाळे, प्रत्येक पान.

दुसऱ्या दिवशी त्या म्हणाल्या, "ठाण्याला सरांकडे जायचंय. येशील?"

मी गेले. कर्णिक सर वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम सांगते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं, चष्मा काढून डोळे चोळले. त्यांच्या टेबलावर पेपर तपासायचे गठ्ठे होते आणि तेही दमलेले दिसत होते.

"भोईर मॅडम," ते म्हणाले, "हे आपल्या तिघांशिवाय कोणाला माहीत आहे?"

"तपासणीवाल्याला."

"तो कशाला कोणाला सांगतोय? आणि हे बघा, सगळ्या भाज्या एकाच ओव्हनमध्ये वाळल्या. म्हणजे तुलना तर बरोबरच आहे. शिवाय लोक त्या शिजवूनच खातात ना?"

"मग शिजवून मोजल्या असं लिहावं लागेल, सर. आपण चाळीस लिहिलंय. ते चाळीस नव्हतं."

"मग काय लिहिणार? त्रेसष्ट?"

"ते पण नाही लिहिता येत. पहिल्या वर्षी किती होतं, मला माहीत नाही."

सरांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "मग एकच मार्ग. पुन्हा करा. निदान एक सीझन. मुदत वाढवून मागू."

"बघते," मॅडम म्हणाल्या.

आम्ही बाहेर आलो. कॉलेजच्या व्हरांड्यात बाकडं होतं, त्यावर त्या बसल्या. समोर मैदानावर पोरं क्रिकेट खेळत होती. मी उभीच राहिले.

"ह्यांनी आणलेला पाला होता तो," त्या म्हणाल्या. "पाय सुजलेले असताना आणलेला. पुन्हा करा म्हणतात."

मी रडायला लागले. म्हटलं, "मॅडम, साहेबांनी सांगितलं म्हणून मी ते स्टिकर..."

"माहितीय मला." त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "मला तुझा राग आलाय, मनीषा. खूप आलाय. पण आज बोलायला नको. आज माझ्यात तेवढी ताकद नाही." थोड्या वेळाने त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "पाला दुसऱ्याच दिवशी कुरकुरीत व्हायचा. इतक्या लवकर कसा वाळतो, हे मला कळायला हवं होतं. मला वाटायचं, ओव्हन चांगला आहे. स्टिकर तू लावलंस, पण वाळलेला पाला रोज मी हातात घेत होते."

मग त्या उठल्या आणि बसस्टॉपकडे चालू लागल्या.

पुढच्या सोमवारी मॅडमनी तीन वह्या ओट्यावर घेतल्या, पट्टी घेतली आणि लाल पेन. पहिल्या पानापासून त्यांनी प्रत्येक आकड्यावर एकेक आडवी रेघ मारायला सुरुवात केली. बाजूला सही, तारीख, कारण: 'ओव्हनचे तापमान चुकीचे.' साहेब येऊन बघून गेले. म्हणाले, "अहो, पहिल्या पानावर एक टीप लिहा, झालं. एवढं कशाला?" मॅडमनी मान हलवली आणि पुढची रेघ मारली. दोन दुपारी लागल्या त्यांना. काकांच्या अक्षरातली माहिती त्यांच्या वहीतून कापून जिथे चिकटवलेली होती, 'मुरबाडपुढे, बांधावर, सावलीत', त्याला मात्र त्यांनी रेघ लावली नाही. ती खरीच होती.

मग गिऱ्हाइकांचा प्रश्न आला. बहुतेकांचा माल पावडर होऊन यायचा, पण चौदा जणांचा ओला पाला आमच्या ओव्हनमध्ये वाळला होता. मॅडमनी चौदा पत्रं लिहून साहेबांसमोर ठेवली: तुमच्या रिपोर्टातला आकडा विश्वासाचा नाही, नमुना पुन्हा पाठवा, आम्ही फुकट तपासून देऊ. साहेब लाल झाले. तीन दिवस ती पत्रं टेबलावर पडून होती. मॅडम रोज सकाळी केबिनच्या दारात उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "सही झाली का?" भांडल्या नाहीत, नोकरी सोडीन म्हणाल्या नाहीत. नुसतं विचारायच्या. चौथ्या दिवशी साहेबांनी चौदाही पत्रांवर सह्या करून दिल्या आणि म्हणाले, "तुमच्यापुढे माणसाने करायचं तरी काय?" मला ते अजून आठवतं, कारण त्यांच्या आवाजात रागापेक्षा सुटल्यासारखं काहीतरी होतं. चौदातल्या पाच जणांनी नमुने परत पाठवले. एकाने फोनवर शिव्या दिल्या. बाकीच्यांनी काहीच कळवलं नाही.

माझ्याशी मॅडम आठ-दहा दिवस कामापुरतंच बोलत होत्या. मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला होता. एका सकाळी त्यांनी माझ्यापुढे बीकर आणि पिपेट ठेवली, पहिल्या दिवशीसारखी.

"पाणी मोज. वीस वेळा. हात बघू दे."

मी मोजलं. आकडे वाईट आले. त्यांनी कागद बघितला.

"पुन्हा कर," म्हणाल्या. आणि बाहेर जिन्यावर वाल घेऊन गेल्या. थोड्या वेळाने मी पण गेले. त्यांनी पिशवी सरकवून मला जागा करून दिली. राजीनामा मी घरी जाऊन फाडला.

त्या पावसाळ्यात मॅडमनी आठ दिवसांची रजा घेतली. शेजारच्या एका बाईला बरोबर घेऊन त्या टिटवाळ्यामागच्या उतारावर गेल्या, काकांनी वहीत लिहिलेल्या जागा शोधत. अर्ध्या जागांवर पत्र्याची कुंपणं पडली होती, आत इमारतींचे पाये खणलेले. टाकळा कुठेही मिळतो, तो मिळाला. कोरळ नाही मिळाली. मुरबाडच्या पुढे बसने जाऊन त्यांनी भारंगी आणली, ओल्या पेपरात गुंडाळून. पाय घसरून पडल्या होत्या, कोपर खरचटलं होतं.

ओव्हन आता दुरुस्त झाला होता. तरी मॅडमनी आत वेगळं थर्मामीटर ठेवलं आणि तासातासाने बघत राहिल्या. भारंगीचा पाला वाळायला दोन दिवस लागले. शनिवारी आम्ही दोघींनी अर्क काढला, नळ्या लावल्या, अर्धा तास थांबलो. मी नळ्यांच्या डब्याचं झाकण उघडलं. मधल्या नळ्यांमधला जांभळा रंग पार उतरला होता, लिंबाच्या सालीसारखा पिवळा. आम्ही आकडा काढला. जुन्या वहीतल्या रेघ मारलेल्या आकड्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही लहान.

मॅडमनी तीनदा पुन्हा केलं. तोच आला.

त्यांनी जुनी वही उघडली, काकांच्या अक्षरातली चिठ्ठी होती ते पान. त्यावर हात ठेवून बसल्या.

"बघ," म्हणाल्या, "एवढा जोर होता त्यांच्या पाल्यात. आपण जाळला."

एवढ्या वर्षांत त्यांच्या डोळ्यांत पाणी मी तेव्हाच बघितलं. मग त्यांनी नवा आकडा नव्या पानावर लिहिला, सही केली आणि मशीन बंद केलं.

मला वाटलं, आता त्या पुढे करतील. एका भाजीचा आकडा इतका सुंदर आला होता. कर्णिक सरांचे दोन फोनही आले. पण मॅडमनी नाव काढून घेतलं. मी खूप आग्रह केला, म्हटलं पाला मी आणते, सुट्टीच्या दिवशी जाईन.

"आणशील, मला माहितीय," त्या म्हणाल्या. "पण मीच आता दमले गं. एका भाजीला आठ दिवस गेले. अठरा भाज्या आहेत आणि तीन पावसाळे परत करायचे. गुडघे चढत नाहीत. आणि खरं सांगू? मला डॉक्टर व्हायचं नव्हतं. मोजून बघायचं होतं. भारंगीचं कळलं. बास."

पुढच्याच वर्षी त्या निवृत्त झाल्या. साहेबांनी शाल-श्रीफळ दिलं, भाषणात 'लॅबचा आधारस्तंभ' वगैरे म्हणाले. मॅडमना बोलायला सांगितलं तर त्या म्हणाल्या, "ओव्हनची तारीख जवळ आलीय. त्या माणसाला फोन करा." सगळे हसले. त्या हसल्या नाहीत. त्यांनी मला खरंच फोन करायला लावला. रानभाज्यांचा विषय पुढे सरांच्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीने घेतला असं ऐकलं. तिने किती केलं, मला माहीत नाही.

मीही नंतर ठाण्याला नोकरी धरली. फोनवर बोलणं व्हायचं, दिवाळी-संक्रांतीला. मुलगा पुण्याला, मुलगी नालासोपाऱ्याला, मॅडम टिटवाळ्याला एकट्या. "काय करता दिवसभर?" विचारलं की म्हणायच्या, "काही नाही." मग ते फोनही विरळ झाले. चूक माझीच, मीच करायचे नाही.

मागच्या उन्हाळ्यात, दुपारी अडीचच्या सुमाराला, ठाणे स्टेशनहून मी ऑफिसच्या कामाला बसने निघाले होते. बस जवळजवळ रिकामी. दोन सीट पुढे खिडकीशी एक बाई झोपलेली दिसली. केस पार पांढरे, खांदे आक्रसलेले, मांडीवर कापडी पिशवी दोन्ही हातांनी धरलेली. वळणावर मान कलली तेव्हा ओळख पटली. मॅडम होत्या.

हाक ओठांवर आली होती. मी उठून त्यांच्या सीटपाशी गेलेही. पण त्या इतक्या गाढ झोपल्या होत्या, तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावर घसरलेला. डोकं खिडकीच्या लोखंडी दांडीला टेकलेलं. खड्डा आला की कपाळ त्या दांडीवर आपटायचं, तरी जाग येत नव्हती. मी कंडक्टरला हळूच विचारलं, "या कुठे उतरणार आहेत?"

"शेवटच्या स्टॉपचं तिकीट आहे," तो म्हणाला. "तुमच्या ओळखीच्या आहेत का? उठवू?"

"नको," मी म्हटलं. "झोपू दे. पोचल्यावर उठवा."

मी ओढणी काढली, चार घड्या घातल्या आणि त्यांचं डोकं जरासं उचलून दांडीच्या आणि कपाळाच्या मध्ये सरकवली. त्यांनी झोपेतच गाल त्यावर नीट टेकवला.

माझा स्टॉप आला. ओढणी तिथेच ठेवून मी उतरले.